सुटं करून आणलेलं टेबल

"एकट्या बाईला खिडकी कशाला हवी म्हणते मी?"

हे मला उद्देशून नव्हतं. माझ्या मागच्या सीटवरच्या बाई आपल्या नवऱ्याला सांगत होत्या. पण टूरच्या बसमध्ये मागे बोललेलं पुढच्याच्या मानेवर येऊन पडतं. नवरा कुजबुजला, "अगं, ऐकतील त्या." बाई म्हणाल्या, "ऐकू देत की. आपण जोडीने आलोय."

मी खिडकी सोडली नाही. उलट काचेला नाक लावून बसले, म्हणजे खिडकीचा पुरेपूर वापर होतोय हे दिसावं.

कॉलेज संपलं की हल्लीची मुलं पाठीवर पिशवी टाकून परदेश हिंडायला निघतात. मीही तेच केलं होतं. फरक एवढाच, की माझं कॉलेज संपेपर्यंत माझी लेक नोकरीत कायम झाली होती. लग्नामुळे अर्धवट सुटलेली पदवी मी पन्नाशी उलटल्यावर, घरबसल्या, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुस्तकं उभी करून मिळवली. माझ्या इतिहासाच्या पुस्तकातल्या दोन राजघराण्यांवर तेलाचे डाग आहेत, आणि परीक्षेत नेमकी तीच आठवली. निकाल लागला तशी लेक म्हणाली, "आई, सगळे पदवीनंतर परदेशी जातात. तूही जा." आणि माझं नाव टूरमध्ये घालून मोकळी झाली.

टूरमध्ये झाडून सगळी जोडपी. सुटी माणसं दोनच. एक मी, आणि एक चष्म्याचं दुकान असलेले गृहस्थ. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झालेली. जोडपी बसवून झाल्यावर ज्या दोन सीट उरल्या, त्यांवर टूर मॅनेजरने आम्हाला बसवलं. माणसं जुळण्यामागे नियतीचा हात असतो, असं मी वाचलं होतं. आमच्या बाबतीत हात टूर मॅनेजरचा होता, आणि त्या हातात कायम बिस्किटाचा पुडा असायचा.

पहिला सबंध दिवस चष्मेवाले काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायला लागले. मी पदर, म्हणजे त्या थंडीत मफलर, सावरला. आयुष्यात पहिल्यांदाच परका माणूस इतकं निरखून पाहत होता. शेवटी ते हळूच म्हणाले, "तुमचा चष्मा डावीकडे कललाय."

"असेल."

"कालपासून बघतोय. मला झोप लागली नाही."

त्यांनी खिशातून काडीएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, माझा चष्मा मागून घेतला आणि मान खाली घालून दुरुस्तीला लागले. तेवढ्यात मॅनेजर ओरडला, "उजवीकडे बघा, जगप्रसिद्ध धबधबा!" उजवीकडे मला एक पांढरा ढग दिसला. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, धबधबा कसा होता? मी सांगितलं, भव्य. चष्मा मात्र तेव्हापासून सरळ आहे.

मग बोलणं सुरू झालं. फार काही नाही. त्यांना चहा साखर न घालता लागायचा, मला झोप बसमध्येच लागायची. मागच्या बाईंनी आमचं बोलणं ऐकण्यासाठी आपलं बोलणं बंद केलं, यावरून आम्ही बरंच बोलत असणार.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे मी टेबल घेतलं.

जुन्या सामानाच्या बाजारात ते एका कोपऱ्यात उभं होतं. लिहायचं टेबल, फळी मधोमध दुमडणारी, एक खण, आणि चार पायांना खाली वाघाचे पंजे कोरलेले. मी सगळा अभ्यास ओट्यावर केला. स्वतःचं टेबल असावं, त्याच्यावर दुसऱ्या कुणी पातेलं ठेवू नये, एवढीच इच्छा होती. मी त्यावर हात ठेवून उभी राहिले आणि हलेनाच.

लगेच सल्ले सुरू झाले. मागच्या बाई म्हणाल्या, "आपल्याकडे सुतार मेलेत का?" त्यांचे मिस्टर म्हणाले, "वाळवी निघते हो असल्यातून, सगळं घर खाते." कुणी म्हणालं, जहाजाने पाठवा. कुणी म्हणालं, जहाजाने पाठवलेलं कधी येत नाही. मॅनेजरने तर बिस्कीट खाणं थांबवून विचारलं, "मॅडम, बाकीचे लोक चॉकलेटं नेतात. तुम्हाला चॉकलेट आवडत नाही का?"

चष्मेवाले टेबलाभोवती फिरले, खाली वाकले, आणि उठून म्हणाले, "सुटं होईल."

हॉटेलच्या जेवणाच्या खोलीत, त्या काडीएवढ्या स्क्रूड्रायव्हरने, त्यांनी ते टेबल सुटं केलं. चष्म्याच्या हत्याराने टेबल खोलायचं म्हणजे चमच्याने विहीर उपसायची. पण घाई नाही की कुरकुर नाही. निघालेले स्क्रू ते आपल्या चष्म्याच्या रिकाम्या डब्यांत घालत होते, जोडाजोडाचे वेगळे. मी बाजूला बसून एकेक डबा पुढे करत होते. आपलं काम दुसरं कुणी इतक्या शांतपणे करतंय हे पाहत बसण्यात काय सुख असतं, ते मी विसरले होते.

फळ्या आणि खण माझ्या बॅगेत, स्वेटरांच्या मध्ये. बॅग बंद होईना, म्हणून काढलेले स्वेटर माझ्या अंगावर. पाय आणि डबे त्यांच्या बॅगेत. मायदेशी उतरलो तेव्हा कस्टमवाल्याने त्यांची बॅग मशिनीत घातली आणि ताडकन उभा राहिला. पडद्यावर चार पंजे दिसत होते.

"हा कुठला प्राणी आहे?"

"टेबल आहे," चष्मेवाले म्हणाले.

"टेबल कुठे आहे?"

"यांच्याकडे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तीन स्वेटरांत घामाघूम. "तुम्ही दोघं एकत्र आहात का?"

"हो," ते म्हणाले. "नाही," मी म्हणाले. दोन्ही एकाच वेळी.

साहेबांनी आम्हाला बाजूला घेतलं. टेबल तिथेच जमिनीवर मांडून दाखवावं लागलं, वाघ नाही हे सिद्ध होईपर्यंत. मागच्या बाई आपली बॅग ढकलत शेजारून गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी म्हणत होते ना?" काय म्हणत होत्या ते त्यांनाच ठाऊक. पण माझे कान तापले, आणि ते स्वेटरांमुळे नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते आणि पुढे जाते. टूरच्या शेवटच्या संध्याकाळी, धक्क्यावर बोटीची वाट बघताना चष्मेवाल्यांनी मला विचारलं होतं. साध्या शब्दांत, चष्म्याचा नंबर सांगावा तसं. दुकानाची जागा त्या महिनाअखेर सोडायची होती. भाऊ दुसऱ्या गावी बोलावत होता, कायमचा. "जायचं की राहायचं, ते तुमच्यावर आहे," ते म्हणाले. "राहिलो, तर लग्न करून राहीन. आपल्या वयात लोकांना कोडी घालण्यात अर्थ नाही."

मी म्हणाले, "घरी सासूबाई आहेत."

ही सबब नव्हती. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि त्या. लेक नोकरीच्या गावी. सासूबाई अजून आपल्या मुलाबद्दल, तो आत्ता भाजी आणायला गेल्यासारखं बोलतात. "त्याला थंडी सोसत नाही." "त्याला असलं पातळ आवडत नाही." अशा बाईला काय सांगायचं? कोणत्या तोंडाने?

"त्यांना सांगा," चष्मेवाले म्हणाले. "त्यांनी हो म्हटलं तरच. नाही म्हटलं तर मी भावाकडे जाईन आणि मनात काही ठेवणार नाही."

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी सांगायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी स्वेटर धुवायचे होते.

रविवारी चष्मेवाले टेबलाचा पाय घेऊन आले. एकच. "बसमध्ये गर्दी होती," ते म्हणाले. मी चहा केला. सासूबाईंनी पाय उलटासुलटा करून पाहिला आणि आपल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठ्याने लावला. चष्मेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बशीकडे पाहिलं. ते गेले.

चार दिवसांनी दुसरा पाय आला. मग तिसरा.

"अगं, टेबलाला पाय किती असतात?" सासूबाईंनी विचारलं.

"चार."

"बरं," त्या म्हणाल्या, "गोमेचं नाही आणलंस ते एक बरं केलंस." आणि पुन्हा रेडिओ.

लेक फोनवर विचारायची, "टेबल कसं आहे तुझं?" तिच्या आवाजात एक गुदगुली असायची, ती मी ऐकलीच नाही असं करायचे. "येतंय हळूहळू." "आजीला सांगितलंस?" "काय?" "काही नाही, टेबलाचं." अशा प्रकारे आमच्या घरात तीन बायका एका टेबलाबद्दल बोलत होत्या आणि टेबलाचा कुणालाच पत्ता नव्हता.

चौथा पाय आला त्या दिवशी जिन्यात समोरच्या वहिनी उभ्या होत्या. वहिनींचं दार कधी पूर्ण बंद नसतं. हवा खेळती राहते, असं त्या म्हणतात.

"हे कोण येतात हो, काठ्या घेऊन?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? टेबल घेतलं, पाय आणतात. पण मी घाबरले, आणि घाबरलं की माणूस नको तितकं हुशार होतं. "चष्म्याचं दुकान आहे त्यांचं," मी म्हणाले. "सासूबाईंचे डोळे तपासायला येतात."

"घरी येऊन तपासतात?" वहिनींचे डोळे चमकले. "मग आमच्या ह्यांचेही बघा म्हणावं. पेपर हातभर लांब धरतात. परवा माझ्या नाकावर बसला."

पुढच्या वेळी चष्मेवाले स्क्रूंचा एक डबा घेऊन आले. एकच डबा. पाय संपले होते ना. दार उघडायच्या आत वहिनींनी त्यांना आपल्या घरात ओढलं. ते बाहेर आले तेव्हा जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, त्यांची बहीण आणि चाळिशी लागलेला एक शिक्षक असे रांगेत उभे होते. चष्मेवाल्यांनी मला हळूच विचारलं, "मी इथे डोळे तपासायला येतो का?"

"हो," मी म्हणाले. "माफ करा."

"काही हरकत नाही. मग तक्ता घेऊन येत जाईन."

मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची, की ते रागावले नाहीत. नवरा रागावला असता, तर मी उलट रागावले असते, आणि प्रकरण संपलं असतं. शांत माणसाशी भांडायची सवय नसते आपल्याला.

इमारतीत सल्ल्यांचा पूर आला. कुणी म्हणालं, जिन्यात अंधार आहे, तपासणी खाली गाड्यांच्या जागेत घ्या. कुणी म्हणालं, रविवारी घ्या, म्हणजे सगळे घरी असतात. वहिनींनी स्वतःहून दारोदार निरोप दिला. आणि मी ज्या माणसाशी लग्न करावं की नाही हे ठरवू शकत नव्हते, त्याचं नेत्रतपासणी शिबिर ठरवून बसले. महिन्याचा शेवटचा रविवार. त्याच संध्याकाळी त्यांना भावाला हो की नाही ते कळवायचं होतं.

आदल्या रात्री मी सासूबाईंच्या पलंगापाशी बसले. म्हणाले, "आई, एक बोलायचं होतं."

"बोल."

"उद्या खाली डोळे तपासणार आहेत."

"हे बोलायचं होतं?"

"हो."

त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला मी सांगत असते, मनात असेल ते बोलत जा. तो पण असाच. घुम्या." आणि कुशीवर वळल्या. मी दिवा घालवून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. इतिहासाची पदवी आहे माझ्याकडे, तह कसे होतात, गाद्या कशा जातात ते सांगू शकते. एका म्हातारीला एक वाक्य सांगता येत नव्हतं.

रविवारी गाड्या बाहेर काढल्या. भिंतीवर तक्ता लागला, समोर खुर्ची. चष्मेवाले पांढरा शर्ट घालून आले होते, आणि हातात स्क्रूंचे उरलेले सगळे डबे होते. त्यांनी ते काही न बोलता माझ्या हातात दिले. म्हणजे आता आणायचं काही उरलं नव्हतं. मला ते डबे फार जड लागले.

रांग लागली. शिक्षकांना खालची ओळ दिसेना, आजोबांना तक्ताच दिसेना, पण समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले मोजे दिसत होते. वहिनी प्रत्येकाच्या मागे उभं राहून उत्तरं सांगत होत्या. तेवढ्यात काठीचा आवाज आला. सासूबाई. आपण होऊन, चांगलं लुगडं नेसून, केस विंचरून. रांगेकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ खुर्चीत बसल्या.

चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावर ती जड, भिंगं बदलायची चौकट बसवली. "आजी, पहिली ओळ वाचा."

"ते राहू दे. घरी कोण कोण?"

"मी एकटाच. एक भाऊ दुसऱ्या गावी. आता वाचा."

"घर स्वतःचं?"

"आहे. लहानसं. हे भिंग बरं की हे?"

"तेच बरं. पितोस का?"

"चहा. बिनसाखरेचा."

"दात?"

"दोन सोडून सगळे माझे."

"घोरतोस?"

"एकटा झोपतो," चष्मेवाले म्हणाले. "सांगायला कोणी नाही."

रांगेतले लोक कुरकुरायला लागले, आजींना फार वेळ लागतोय म्हणून. मला वाटलं, म्हातारपणी चौकशा करायची सवय असते. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त संध्याकाळ होती.

आणि नेमके तेव्हा सेक्रेटरी आले. आमचे सेक्रेटरी म्हणजे नियमांचे सख्खे भाऊ. हातात पुस्तिका, बोट आधीच पानावर. "हे काय चाललंय? आवारात बाहेरच्या माणसाने धंदा करायचा नाही."

"धंदा कुठला हो, फुकट तपासतायत," वहिनी म्हणाल्या.

"फुकट काय नि काय. नियम आहे. सभासदाचे नातेवाईक असतील तर आवार वापरता येतं. नाहीतर गुंडाळा." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या ओळखीने आलेत ना? नातं काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अर्ध्यांना नीट दिसत नव्हतं, तरी बघत होते.

"ओळखीचे आहेत," मी म्हणाले.

"ओळख नातं नाही."

"टूरमध्ये..." मी म्हणाले. "टेबल..."

"टेबल नातं नाही."

चष्मेवाल्यांनी हळूच तक्त्याची एक पिन काढली. ते माझ्याकडे बघत नव्हते, मला अडचणीत टाकायचं नाही म्हणून. त्यांनी दुसरी पिन काढली.

वहिनी पुढे सरसावल्या. परोपकाराचं त्यांना व्यसनच आहे. "अहो, एवढं काय त्यात? मानलेले भाऊ आहेत म्हणा की! मानलेले भाऊ! झालं."

"चालेल," सेक्रेटरी म्हणाले आणि पुस्तिका मिटली. "भाऊ चालेल."

"भाऊच," आजोबा म्हणाले. "छान शोभतो."

सगळ्यांना किती हायसं वाटलं! शब्दच असा, की त्यावर कुणी काही विचारणार नाही. मला फक्त मान हलवायची होती. एकदा हलवली की संध्याकाळी एक माणूस दुसऱ्या गावी जाईल, मनात काही न ठेवता. टेबल पूर्ण होईल. कुणाला काही सांगावं लागणार नाही. चष्मेवाल्यांच्या हातात तिसरी पिन होती, आणि तो हात थांबला होता. मी तोंड उघडलं. खरं सांगते, त्यातून काय निघालं असतं ते मला आजही माहीत नाही.

"भाऊ कसला?" खुर्चीतून आवाज आला.

सासूबाईंच्या नाकावर ती चौकट तशीच होती, एका डोळ्यावर काळं झाकण. त्या वळल्या आणि उरलेल्या डोळ्याने त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं.

"जावई आहे माझा. होणारा."

वहिनींचं तोंड, त्यांच्या दारासारखं, अर्धवट उघडं राहिलं.

सेक्रेटरींनी पुस्तिका पुन्हा उघडली. "आजी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, पण तुम्हाला मुलगी कुठे आहे?"

"आहे की," सासूबाई म्हणाल्या, आणि काठीने मला दाखवलं. "ही काय."